अर्धा इंच कुठे असतो?

घरात काढून ठेवलेल्या जुन्या लोखंडी पाइपाचा एखादा तुकडा असेल, तर तो शोधून काढा. प्लंबरपासून दुकानदारापर्यंत सगळे ज्याला ‘अर्धा इंची’ म्हणतात, तो. त्याला पट्टी लावून बघा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पण पाइपाचा बाहेरचा व्यास भरतो २१ मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे पाऊण इंचापेक्षाही जास्त. आतलं भोक मोजलं तर ते १६ मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या लोखंडाची जाडी बघितली तर अडीच मिलिमीटरच्या घरात. अर्धा इंच त्या पाइपात कुठेच नाही. तरीही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘अर्धा इंची एल्बो द्या’ एवढं म्हटलं की जो एल्बो हातात पडतो, तो त्या पाइपावर बरोबर बसतो. पाइप एका राज्यात तयार झालेला, एल्बो दुसऱ्या राज्यात, आणि दोघांच्या वयात कधीकधी चाळीस-पन्नास वर्षांचं अंतर. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी केलेल्या दोन वस्तू पहिल्याच भेटीत जुळतात, आणि कुणाला त्याचं नवलही वाटत नाही. मला ते दर वेळी वाटतं.

हार्डवेअरच्या दुकानातलं गिऱ्हाईक किराण्याच्या गिऱ्हाइकासारखं नसतं. किराण्याला माणूस वस्तूचं नाव आणि वजन घेऊन जातो. इथे तो तक्रार घेऊन येतो. ‘मोरीतला नळ रात्रभर ठिबकतो’, ‘पाऊस लागला की दार फुगून चौकटीला घासतं’, ‘आरशाचा खिळा सारखा निघून येतो’. जी वस्तू लागणार तिचं नाव त्याला माहीत नसतं, माप माहीत नसतं, आणि नेमका कुठला भाग गेलाय हेही पुष्कळदा माहीत नसतं. मग बोटांनी आकार दाखवले जातात. ‘असा वाकडा असतो बघा, मागं आटे, पुढं गोल.’ दुकानदार मान हलवतो, मागच्या भिंतीतल्या शेकडो खणांपैकी एकात हात घालतो आणि ती वस्तू काउंटरवर ठेवतो. तालुक्याच्या गावातल्या बऱ्यापैकी दुकानात अशा वस्तूंचे प्रकार हजारांनी असतात. एका अर्धवट वाक्यावरून आणि हवेत काढलेल्या आकारावरून हा माणूस त्यातल्या एकीपर्यंत पोहोचतो कसा?

अशाच एका दुकानात सकाळच्या गर्दीत कानावर पडलेलं बोलणं सांगतो. एका बाईंनी रुमालात बांधून आणलेला तुटका प्लास्टिकचा तुकडा काउंटरवर ठेवला.

‘काका, असलंच एक द्या.’

काकांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. ‘कुठं होतं हे, वहिनी? गिझरच्या लायनीला?’

‘हो. काल रात्री फटदिशी गेलं. सगळं पाणी पाणी.’

‘पाइप पिवळट आहे की पांढरा?’

‘पिवळट.’

‘आणि याच्या पुढं पितळेचे आटे होते, ते कुठंयत?’

‘ते तिकडंच राहिलंय. गिझरला. निघेना.’

‘मग नुसतं हे नेऊन चालायचं नाही. ते पितळेचं आधी काढून घ्या पान्यानं, हातानं नका ओढू. आणि सोल्युशन पिवळ्या पाइपाचं न्या, पांढऱ्याचं घरात असलं तरी ते लावू नका.’

तीन प्रश्न विचारून झाले, आणि तीनही मला थक्क करून गेले. डॉक्टर पोटावर हात ठेवून जसं विचारतो तसेच ते होते, प्रत्येक उत्तरासरशी शेकडो शक्यता गळून पडत होत्या. पाणी गरम की गार, याच्यावर प्लास्टिकची जात ठरते. पांढरा पाइप साध्या पीव्हीसीचा. साठ अंशांच्या वर पाणी गेलं की तो नरमायला लागतो, दाबाखाली फुगतो. पिवळट पाइप सीपीव्हीसीचा. त्यात तेच पीव्हीसी असतं, पण त्याच्या रेणूंच्या साखळीत आणखी क्लोरीन घुसवलेला असतो. साध्या पीव्हीसीत वजनाने ५७ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तो इथे ६३ ते ६९ टक्क्यांपर्यंत नेतात. क्लोरीनचे अणू अंगाने मोठे, त्यामुळे साखळ्यांना हलायला जागा कमी उरते आणि प्लास्टिक नव्वद अंशांच्या आसपासपर्यंत ताठ राहतं. गिझरमधून येणारं पाणी तो बिनतक्रार सोसतो. मिठात आणि मोरीतल्या ब्लीचिंग पावडरीत असतो तोच हा क्लोरीन.

पण गिऱ्हाइकाची खरी फसगत होते ती मापात. पांढरा ‘अर्धा इंची’ पाइप बाहेरून २१.३ मिलिमीटरचा, अगदी जुन्या लोखंडी पाइपाएवढा, कारण तो लोखंडाच्या जागी आला. पिवळट ‘अर्धा इंची’ मात्र बाहेरून १५.९ मिलिमीटरचाच. तो अमेरिकेत तांब्याच्या नळीच्या जागी आला, म्हणून त्याने तांब्याची मापं उचलली. तिथे अर्ध्या इंचाच्या नळीचा बाहेरचा व्यास पाच अष्टमांश इंच असतो. दोन्हीचं नाव एकच, दोन्ही प्लास्टिकचेच, आणि एकाचा एल्बो दुसऱ्यावर कधीच बसत नाही. नाव सांगून चुकीचा जोड घेऊन गेलेली माणसं तासाभरात परत येतात ती यामुळे. रुमालात तुकडा बांधून आणणाऱ्या वहिनींनी सगळ्यात शहाणपणाचं काम केलं होतं. नमुना कधी खोटं बोलत नाही.

आणि ते सोल्युशन. ते चिकटवतं असं आपण म्हणतो, पण तिथे होतं काही वेगळंच. त्या डब्यातला पातळ द्राव पाइपाचा आणि जोडाचा पृष्ठभाग चक्क विरघळवतो. दोन्हीकडचं प्लास्टिक मऊ होतं, एकात एक ढकलून पाव फेरा फिरवला की दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि द्राव उडून गेला की मध्ये सांधा म्हणून काही उरतच नाही. दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. म्हणूनच नीट बसलेला जोड ओढून निघत नाही, करवतीनेच कापावा लागतो. आणि म्हणूनच काकांनी पिवळ्याला पिवळ्याचंच सोल्युशन लावायला बजावलं: जास्त क्लोरीनवाल्या प्लास्टिकला विरघळवायला द्रावही तितकाच जोरकस लागतो.

आता तो गिझरला राहून गेलेला पितळेचा तुकडा. प्लास्टिक तुटलं, पाणी वाहून गेलं, तरी पितळेचे आटे गिझरच्या आट्यांना घट्ट धरून बसलेले होते. तो तुकडा बहुधा जामनगरचा असणार. पितळेच्या बारीकसारीक भागांचं ते गाव. याच दुकानातली कुलुपं अलीगडची, नट-बोल्ट लुधियानाचे, व्हॉल्व्ह जालंधरचे, रंगाचे ब्रश उत्तर प्रदेशातल्या शेरकोटचे, आणि यातलं बरंचसं मुंबईच्या नागदेवीच्या बाजारातून हातोहात इथवर येतं. या गावांमधल्या कारागिरांनी एकमेकांना पत्र लिहून मापं ठरवलेली नाहीत. तरी लुधियानाच्या बोल्टवर त्याच मापाचा कुठलाही नट चढतो. हे ठरलं कधी, कुणी?

दोनशे वर्षांपूर्वी असं काही नव्हतं. इंग्लंडमधल्या प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. कुणाचे दाट, कुणाचे विरळ, कुणाचे खोल, कुणाचे उथळ. यंत्र खोललं की कुठला नट कुठल्या बोल्टचा हे लक्षात ठेवावं लागे, नाहीतर ते यंत्र पुन्हा जुळायचं नाही. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीसाठी ते ज्या कारखान्यात झालं त्याच कारखान्याकडे जावं लागे. दुकानात जाऊन सुटा बोल्ट विकत आणणं ही गोष्टच शक्य नव्हती. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या यंत्रकाराने हे चित्र बदललं. तो लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात काम शिकलेला, पुढे मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढलेला. त्याने देशभरातल्या कारखान्यांमधून बोल्ट गोळा केले आणि त्या सगळ्यांची सरासरी काढली. १८४१ साली त्याने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला आणि सुचवलं की आट्यांचा कोन सगळीकडे ५५ अंशांचाच असावा, आणि अमुक जाडीच्या बोल्टला इंचात अमुकच आटे असावेत. त्याने कुणाचंच माप सर्वोत्तम ठरवलं नाही, सगळ्यांच्या मधलं धरलं. त्यामुळे कुणालाही फार लांब यावं लागलं नाही. मला या कल्पनेतलं औदार्य फार आवडतं. रेल्वे कंपन्यांनी ते आटे घेतले आणि रेल्वेबरोबर ते जगभर गेले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पाठोपाठ मुंबईत लँकेशायरची यंत्रं घेऊन गिरण्या उभ्या राहिल्या. त्या आगगाड्यांच्या आणि गिरण्यांच्या दुरुस्तीखात्यांतून हे आटे आपल्याकडच्या फिटरांच्या हातात बसले. पाइपांच्या आट्यांनाही तोच ५५ अंशांचा कोन मिळाला. आज आपल्या घरातला साधा नळ मोजलात तरी त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंश आणि इंचात आटे १४. जोड बदलले, धातू बदलला, प्लास्टिक आलं, कोन तोच.

आणि यातच हरवलेल्या अर्ध्या इंचाचा पत्ता लागतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले, आणि गॅस न्यायला लोखंडी नळ्यांची गरज पडली. तेव्हाच्या नळीला आतून अर्ध्या इंचाचं भोक खरोखरच असे. पण लोखंड आणि ते जोडण्याची रीत यांच्यावर फारसा भरवसा नव्हता, म्हणून नळीची भिंत जाड ठेवत, आणि बाहेरचा व्यास वाढत जाऊन २१ मिलिमीटरपर्यंत पोहोचे. पुढे पोलाद सुधारलं, पातळ भिंत पुरेशी ठरू लागली. आता भिंत पातळ करायची तर कुठून? बाहेरून तासली तर आटे बदलतात, आणि जगातले सगळे एल्बो, सगळे नळ, सगळे सॉकेट एका दिवसात भंगारात जातात. म्हणून भिंत आतून पातळ केली. भोक मोठं झालं, बाहेरचं माप होतं तिथेच राहिलं, आणि नाव ‘अर्धा इंच’च राहिलं. आपण काउंटरवर जो अर्धा इंच मागतो तो गॅसच्या दिव्यांच्या काळातला आहे. पाइपावरचे पट्टेही भिंतीचीच गोष्ट सांगतात: पिवळा पट्टा हलक्या पाइपाचा, निळा मध्यम, लाल जाड. तिघांचाही बाहेरचा व्यास जवळपास एकच, म्हणून तिघांवरही तोच एल्बो चालतो.

आटे जुळले म्हणजे पाणी थांबतं असं मात्र नाही. दोन आटे कितीही चांगले बसले तरी त्यांच्या टोकाशी आणि तळाशी बारीकशी पोकळी राहते, आणि ती पोकळी आट्यांबरोबर गोल गोल फिरत पाइपाच्या आतून थेट बाहेरपर्यंत येते. पाण्याला ती वाट पुरते. यावर दोन उपाय एकत्र केलेले असतात. पाइपाच्या टोकाचे आटे किंचित निमुळते असतात, सोळा मिलिमीटर पुढे जावं तेव्हा व्यास एक मिलिमीटरने वाढतो, त्यामुळे फिरवत गेलं की जोड आवळत जातो. आणि उरलेली वाट बुजवायला जुने प्लंबर धागा आणि सफेदा लावत. आता टेफ्लॉन टेप लावतात. त्या पांढऱ्या फितीतल्या पदार्थाचा जन्म ६ एप्रिल १९३८ चा. ड्युपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट शीतकरणासाठी नवा वायू शोधत होता. एका सकाळी भरलेल्या टाकीची तोटी उघडली तर काहीच बाहेर येईना, पण टाकीचं वजन तर भरलेल्या टाकीएवढंच. त्याने टाकी कापली, आणि आत मेणचट पांढरी भुकटी निघाली. वायूचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जाऊन घन पदार्थ झाला होता. त्याच्यावर जवळजवळ कशाचाच परिणाम होत नव्हता, म्हणून पहिल्या अणुबाँबच्या कामात युरेनियमचा अत्यंत क्षरणकारी वायू वाहून नेणाऱ्या यंत्रणेत तो वापरला गेला. तोच पदार्थ आज आपल्या मोरीतल्या नळाखाली गुंडाळलेला असतो. फक्त गुंडाळायची दिशा सांभाळायची: आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटत जाते. पहिल्यांदाच टेप नेणाऱ्याला चांगला दुकानदार हे न विचारता सांगतो, स्वतःच्या बोटावर करून दाखवतो.

बोटांवरून दुसरा एक प्रसंग. एक शेतकरी कडबाकुट्टीचा बोल्ट घेऊन आला होता. नट हरवलेला. बोल्ट गंजलेला, डोक्यावरची अक्षरं गेलेली. ‘दादा, याचा नट बघा जरा.’ दुकानदाराने खणातून एक नट काढून बोल्टवर ठेवला आणि दोन बोटांनी फिरवला. दोन आटे सरसर गेले आणि नट अडकला. त्याने जोर लावला नाही, लगेच उलटा फिरवून काढला, शेजारच्या खणातला दुसरा घेतला. तो शेवटपर्यंत गेला. ‘अडीच सूत आहे, आठ एमएम नाही,’ एवढंच तो म्हणाला.

त्या दोन बोटांमध्ये काय घडलं ते बघा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठ एमएमच्या बोल्टपासून फरक ०.०६ मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसणंच अशक्य. पण अडीच सुताच्या बोल्टला व्हिटवर्थच्या हिशेबाने इंचात १८ आटे, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.४१ मिलिमीटर. आठ एमएमच्या बोल्टला हे अंतर १.२५ मिलिमीटर, आणि कोनही ५५ ऐवजी ६० अंश. पहिल्या आट्याला फरक पडतो ०.१६ मिलिमीटर, तो सैल जागेत जिरतो. दुसऱ्याला दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट, आणि मग नट रुततो. ज्याला सवय नाही तो तिथे पान्याने जोर लावतो आणि दोन्हींचे आटे मारून टाकतो. दुकानदाराच्या बोटांना तो अडथळा कसला आहे ते कळतं. गंजामुळे लागणारा अडथळा खरखरीत असतो आणि पहिल्या आट्यापासून असतो. चुकीच्या मापाचा अडथळा आधी नसतो आणि मग एकदम येतो. कुठलंही मोजमापाचं साधन हातात न घेता मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा निवाडा झाला होता.

ही दोन मापांची गल्लत आपल्याकडे एवढी मुरलेली आहे, त्याला कारण आहे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून ती मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. किलो, लिटर, मीटर रुळले. हार्डवेअरच्या दुकानात मात्र जुनं काढून टाकता येत नाही, कारण जुनं लोकांच्या भिंतींत गाडलेलं असतं. म्हणून प्लायवूडचा एकच तख्ता आठ बाय चार फूट आणि जाडीला १८ एमएम असतो. गवंडी ‘तीन सूत सळई’ म्हणतो, पावतीवर १० एमएम लिहिलं जातं आणि पैसे किलोवर दिले जातात. सळईचं एक गणित बांधकामावर अनेकांना तोंडपाठ असतं: जाडीचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरमागे किती किलो ते निघतं. १० एमएमला १०० भागिले १६२, म्हणजे मीटरला ६१७ ग्रॅम. हा १६२ पोलादाच्या घनतेतून आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळातून येतो. काट्यावर सळई ठेवून तिची जाडी काढायची ही युक्ती आहे. भरवशाची आहे, आणि सळई घेताना गिऱ्हाइकाने जरूर वापरावी.

खिळ्याचं तर विचारूच नका. लांबी इंचात, वजन किलोत, जाडी गेजमध्ये. आणि गेजचा आकडा उलटा चालतो. १६ गेजची तार १.६३ मिलिमीटरची, २० गेजची ०.९१ मिलिमीटरची. ‘जरा जाड द्या, मोठा नंबर द्या’ असं म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं आणि दुकानदार शांतपणे लहान नंबर काढतो. हे असं का, हे कळल्यावर मला त्या उलट्या आकड्यांबद्दल आदर वाटायला लागला. तार ओतून होत नाही, ओढून होते. जाड सळई पोलादी पट्टीतल्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. जितक्या वेळा ओढली तितकी ती बारीक. गेजचा आकडा मुळात साधारणपणे हेच सांगत होता, की तार किती भोकांतून गेली. म्हणजे तो आकडा तारेने काय काय सोसलं ते सांगतो, जाडी त्यातून आपोआप कळते. पुढे १८८३ साली ब्रिटनमध्ये या आकड्यांना कायदेशीर मापं बांधून दिली, तेव्हा ती अशी आखली की नंबर एकाने वाढला की मीटरमागचं वजन सुमारे पाचवा हिस्सा उतरावं. आज मंडप बांधायला, कुंपणाला, सळया बांधायला जी तार आपण मागतो, तिच्या नावात ओढणाऱ्यांच्या पट्टीवरची भोकं मोजलेली आहेत.

दिवाळीच्या आधी, घर रंगवून झालं की, दुकानात एकाच प्रकारचं गिऱ्हाईक लोटतं: भिंतीत काहीतरी अडकवायचं असलेलं. फोटो, पडदे, फडताळ, टीव्ही. त्यातले बरेच जण खिळा मागतात. लाकडात खिळा टिकतो कारण खिळा घुसताना लाकडाचे धागे खाली वाकतात आणि बाहेर ओढू गेलं की तेच धागे त्याला अडवतात. विटेला धागे नसतात. तिथे खिळा आपल्याभोवतीचा चुरा करतो आणि त्या चुऱ्यात सैल उभा राहतो. १९११ साली जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदारापुढे नेमका हाच प्रश्न होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची जोडणी करायची होती आणि भिंतींची नासधूस चालणार नव्हती. त्याने तागाच्या धाग्यांची, जनावरांच्या रक्ताने घट्ट केलेली बारीक नळी बनवली आणि भोकात बसवली. तिच्यात स्क्रू पिळला की नळी फुगते आणि भोकाच्या भिंतीला चहूबाजूंनी दाबते. १९५८ साली जर्मनीत आर्टुर फिशरने तीच गोष्ट नायलॉनमध्ये केली आणि तिला बाजूने पंख दिले, म्हणजे ती भोकात फिरणार नाही. आज जिला आपण गिट्टी म्हणतो ती हीच. गिट्टीला कुठलाही डिंक लागत नाही. स्क्रूच्या फिरण्याचं ती बाहेरच्या दिशेच्या दाबात रूपांतर करते, आणि त्या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणावर आपला टीव्ही उभा असतो.

म्हणून गिट्टी मागितल्यावर दुकानदार विचारतो, ‘भिंत कशाची?’ पक्की वीट असेल तर साधी गिट्टी पुरते. काँक्रीटला भोकाचं माप अगदी चोख लागतं, कारण काँक्रीट तसूभरही सरकत नाही. नव्या इमारतींतल्या हलक्या, हवेच्या बुडबुड्यांच्या ब्लॉकना साधी गिट्टी नुसती पिठात घातल्यासारखी फिरत राहते, तिथे लांब आणि रुंद पंखांची लागते. आणि सगळ्या भिंतींना बाहेरून प्लास्टर असतं, त्याच्यात दाब सोसण्याचा दम नसतो. गिट्टी त्याच्या पार जाऊन विटेतच फुगली पाहिजे.

एकदा एक मुलगा गिट्टी बदलून घ्यायला आला होता. ‘काका, ही फिरतेय. घट्टच होत नाही.’

‘भोक पाडलंस तेव्हा आधी पांढरी माती आली, मग लाल. लाल किती आली?’

मुलगा विचारात पडला. ‘लाल... नाहीच आली.’

‘मग तू विटेपर्यंत पोचलाच नाहीस. दोन इंची ने, ड्रिल आठचंच लाव, लाल दिसेपर्यंत जा आणि भोकातला चुरा फुंकून काढ. ही राहू दे तुझ्याकडं, स्वयंपाकघरात चालेल.’